खबर देणार

विट्याच्या तहसीलात, जिन्याखालच्या खोलीत
कोतवाल बुकांचे गठ्ठे, लाल फडक्यात.
माझ्यापुढं अकरा माणसं.
सगळ्यांना एकच शब्द हवाय, जातीच्या रकान्यातला,
मुलाच्या ॲडमिशनला, पुतणीच्या नोकरीला.
मी म्हटलं, दाखला नको, पणजीचं नाव हवंय.
त्रिंबके कारकून चष्म्यावरून बघत राहिला.
त्याचा छापील अर्ज नाही, म्हणाला,
कोऱ्या कागदावर लिहा. तिकीट लावा.

आजोबा तिला आय म्हणायचे, बाकी सगळे म्हातारी.
वडलांनी तिला पाहिलंच नव्हतं.
उताऱ्यात पणजोबा राणू, राणूचा बाप सटवा, सटवाचा दादजी,
बाप्यावर बाप्या, उतरंडीसारखे.
तिच्यासाठी ओळसुद्धा सोडलेली नाही.

मोडी मला येत नाही.
लिगाडे गुरुजी पानाला चाळीस रुपये घेतात, वर चहा.
कागद साताऱ्याहून आलेत, म्हणाले,
तेव्हा सांगली जिल्हा कुठला?
तुमची माणसं मेली साताऱ्यात आणि तुम्ही शोधताय सांगलीत.
हसले. मग शिंकत राहिले.

धुळीचं मला काही वाटत नाही. मी गलाई.
कोईमतुरात सत्तावीस वर्षं
सराफांच्या दुकानातला केर विकत घेतो,
जाळतो, धुतो, गाळतो.
पोतंभर केरातून कधी दोन गुंजा निघतात,
कधी नुसता धूर.

सन १९१८.
पानंच्या पानं एकाच शब्दाची. ताप. ताप. ताप.
शाई पातळ होत गेलेली, अक्षर पळतंय.
लिहिणाऱ्यालाही कणकण असावी.
राणू, वय तीस, ताप.
खाली मुलगी, नाव नाही, वय दीड, ताप.
चार ओळी सोडून सटवा, वय साठ.
आणि बायको? मी विचारलं.
गुरुजींचं बोट आडवं सरकत गेलं
शेवटच्या रकान्यापर्यंत,
जो मी वाचायला सांगितलाच नव्हता.

खबर देणार, बायको ठकू. अंगठा.
खबर देणार, आई ठकू. अंगठा.
खबर देणार, सून ठकू. अंगठा.

एका पंधरवड्यात तीनदा ती येरळा ओलांडून चावडीवर गेली.
नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर नाहीच,
अशा घरातली बाई.
कोतवालानं विचारलं असेल, मयताचं नाव?
तिनं ते उच्चारलं असेल, पहिल्यांदा, परक्या बाप्यापुढं,
आणि त्यानं म्हटलं असेल, मोठ्यानं बोल.
पहिला अंगठा गडद. दुसरा फरपटलेला.
तिसऱ्याला शाई पुरली नाही, की बोटच नीट टेकलं नाही.

मग आम्ही तिचं मरण शोधलं.
एकोणीस ते अडतीस, मधलं एक बुक वाळवीनं नेलेलं.
नाही.
शिरगणतीत गावाचा एक आकडा, बायका चारशे बारा.
त्यात ती धरलीय का, आकडा सांगत नाही.
ती गेली तेव्हा आजोबा मद्रासकडं, भट्टीवर.
चावडीवर कोण जाणार?
घरात खबर द्यायचं काम तिचंच होतं.

सापडलं का, त्रिंबकेनं विचारलं.
नाव सापडलं. मेल्याची नोंद नाही.
मग दफ्तरी हयात आहेत, तो म्हणाला,
आणि आपणच जरा ओशाळला.
राहिलेली नोंद उशिरानंही करता येते, म्हणाला.
प्रतिज्ञापत्र लागेल, तारीख लागेल,
आणि एक खबर देणारा.
असा म्हणून त्यानं कागद माझ्याकडं सरकवला.

बाहेर मागचे लोक चुळबुळत होते.
नकलेत शेवटचा रकाना येत नाही, म्हणून गुरुजींनी
चहाच्या पावतीमागं बाळबोधीत लिहून दिलं, ठकू.
पैसे घेतले नाहीत.
मी पेनाचं टोपण काढलं होतं.
ते परत लावलं.